हुमणी आणि तिचा मातीतला वैरी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात विज्ञानाच्या एखाद्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी संस्थेची इच्छा आहे. खरे पाहता मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. आपल्या शाळेत विज्ञानाचे पदवीधर शिक्षक असताना मी या विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मी शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि ज्या किडीविषयी मी बोलणार आहे, तिने आमच्या घराचे फार मोठे नुकसान केले आहे. त्या नुकसानीमुळेच हा विषय मला शिकावा लागला. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

२००४ सालची गोष्ट. मी नववीत होतो. कृष्णाकाठी आमची थोडी जमीन आहे. त्या वर्षी दीड एकरात भुईमूग होता. श्रावणात पीक ठिकठिकाणी पिवळे पडू लागले. अब्बांनी एक झाड धरून ओढले तर ते काहीही जोर न लावता हातात आले. खाली मुळेच नव्हती. खुरप्याने माती उकरली तेव्हा पांढरट, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडली. आपण सारे तिला ओळखता. ती हुमणी.

अब्बांनी दुकानातून उधारीवर फोरेटचे दाणेदार औषध आणले आणि सकाळपासून दुपारपर्यंत उघड्या हातांनी वाफ्यांत टाकले. हातमोजे घालावेत असे त्यांना कोणी सांगितले नाही. पिशवीवर लाल त्रिकोण होता, सूचना होत्या. पण त्या बारीक अक्षरांत, आणि अब्बांना वाचता येत नव्हते. मला येत होते. मी वाचल्या नाहीत. संध्याकाळी त्यांना दरदरून घाम सुटला, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. रात्री बैलगाडीने सडकेपर्यंत आणि पुढे जीपने तालुक्याला नेले. पाच दिवस ते दवाखान्यात होते. अल्लाहच्या कृपेने वाचले.

भुईमूग मात्र गेला. दुकानाची उधारी, दवाखान्याचे बिल आणि वर बुडालेले पीक! माझी थोरली बहीण त्या वर्षी दहावी पास झाली होती, आणि तिला माझ्यापेक्षा चांगले गुण होते. तिचे अकरावीत नाव घालणे त्या वर्षी राहून गेले. पुढल्या वर्षी घालू, असे ठरले. ते कधीच घातले गेले नाही.

मित्रहो, मातीतली एक अळी मुलीच्या शिक्षणाच्या आड कशी येते, हे मी असे घरातच पाहिले. मग शिक्षक झाल्यावर मनात प्रश्न आला की, या हुमणीला निसर्गात कोणी वैरी नाही का?

वैरी आहे. तो मातीतच राहतो, आणि इतका लहान की डोळ्यांना दिसत नाही. त्याचे नाव कीटकनाशक सूत्रकृमी.

सूत्र म्हणजे दोरा. दोऱ्यासारखा जो कृमी तो सूत्रकृमी. इंग्रजीत त्यास नेमॅटोड म्हणतात. हे नाव ऐकताच पुष्कळ बागाईतदार दचकतात. कारण डाळिंबाच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी करून झाड खंगवणारा जो रोग, तोही सूत्रकृमीचाच. पण ती जात वेगळी. एकाच आडनावाची दोन घरे असावीत आणि दोघांचा व्यवसाय निराळा असावा, तसे हे आहे. आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ते पिकाच्या मुळाला तोंडही लावत नाहीत. त्यांना हवी असते किडीची अळी.

यांची दोन मुख्य घराणी आहेत. एकाचे नाव स्टाइनरनेमा, दुसऱ्याचे हेटेरोऱ्हॅब्डायटिस. नावे अवघड आहेत खरी, पण युरियाचे नाव आपल्या आजोबांनाही एके काळी अवघडच वाटले असेल. या कृमीचे पिल्लू तिसऱ्या अवस्थेत आले की मातीत मोकळे फिरते. त्याची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर. या अवस्थेत ते काही खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर जगते आणि सावज शोधते. काही जाती शेपटीवर उभ्या राहून जवळून जाणाऱ्या किड्याची वाट पाहतात, तर काही मातीच्या कणांवरील पाण्याच्या पातळ थरातून सरकत सावजाचा माग काढतात. अळीच्या श्वासातून बाहेर पडणारा कर्बवायू हा त्यांचा वाटाड्या.

अळी सापडली की तिच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वास घेण्याच्या छिद्रांतून पिल्लू आत शिरते. पण हा अर्ध्या मिलिमीटरचा जीव बोटाएवढ्या अळीला मारतो कसा? याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. तो आपल्या आतड्यात एक खास जिवाणू बाळगतो. अळीच्या रक्तात पोहोचताच तो हे जिवाणू बाहेर सोडतो. जिवाणू झपाट्याने वाढतात आणि अळी साधारणतः २४ ते ४८ तासांत मरते. मग जिवाणूंनी पचवलेले ते शरीर हेच कृमीचे अन्न. त्यातच त्याच्या दोन-तीन पिढ्या वाढतात. एक-दोन आठवड्यांनी अन्न संपले की त्या एका मेलेल्या अळीतून लाख-दोन लाख नवी पिल्ले बाहेर पडतात. प्रत्येक पिल्लू आपल्या पोटात त्याच जिवाणूची शिदोरी घेऊन निघते. जिवाणूला स्वतः मातीतून चालत दुसऱ्या अळीपर्यंत जाता येत नाही, आणि कृमीला जिवाणूवाचून सावज मारणे व पचवणे जमत नाही. दोघांचा संसार एकमेकांवर चालतो.

आता हा शोध कसा लागला ते पाहू. इतिहासाच्या शिक्षकाला ते सांगण्याचा मोह आवरत नाही.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९१६ साली जपानहून आलेला एक भुंगेरा प्रथम आढळला. त्याची अळी म्हणजे आपल्या हुमणीची नात्यातलीच म्हणा ना! तीही मातीत राहून मुळे खाते. या किडीने तेथे हाहाकार उडवला. तिच्यावर उपाय शोधत असता १९२९ साली रुडॉल्फ ग्लेझर या शास्त्रज्ञाला एका गोल्फ मैदानाच्या मातीत काही अळ्या मेलेल्या आढळल्या, आणि त्यांच्या शरीरात सूत्रकृमी भरलेले दिसले. दुसरा एखादा मेलेली कीड पाहून खूश झाला असता आणि पुढे गेला असता. ग्लेझरने ती कशाने मेली हे विचारले. त्याने ते कृमी प्रयोगशाळेत वाढवले आणि पुढील काही वर्षांत न्यू जर्सीच्या शेतांत सोडून पाहिले. आज त्या जातीला त्याचेच नाव आहे, स्टाइनरनेमा ग्लेझरी.

पण दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि त्याच्या भाईबंदांचा जमाना आला. पावडर टाकली की कीड मेली, असा सोपा हिशेब झाला आणि हे कृमी मागे पडले. त्या हिशेबात माणसाचे, पाण्याचे आणि मातीचे खाते कोणी मांडले नव्हते. आपल्या देशात बीएचसी पावडर वर्षानुवर्षे शेतात पडली आणि शेवटी १९९७ साली तिच्यावर बंदी आली. ज्या फोरेटने माझ्या वडिलांना दवाखान्यात नेले, त्यावर २०२० सालच्या अखेरीस बंदी आली. मध्यंतरी २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ही मोठी किंमत मोजल्यावर लोक पुन्हा जुन्या प्रश्नाकडे वळले.

भारतात हे काम नवे नाही. व्ही. पी. राव आणि टी. एम. मंजुनाथ यांनी १९६६ सालीच या कृमीच्या उपयोगाविषयी लिहिले होते. पुढे तामिळनाडूत कोइमतूर येथील मातीतून हेटेरोऱ्हॅब्डायटिसची एक नवी जात मिळाली. पॉइनार, करुणाकर व डेव्हिड यांनी १९९२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. म्हणजे ही जात आपल्या देशाचे नाव धारण करते, आणि उष्ण हवामान तिला मानवते. बंगळूर येथील कृषी कीटक संसाधन संस्थेने तिची पाण्यात मिसळण्याजोगी भुकटी करण्याचे तंत्र तयार केले आणि ते उत्पादकांना दिले. त्यामुळे हा उपाय आता पाकिटातून शेतकऱ्यापर्यंत येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मक्याच्या मुळाला अळी कुरतडू लागली की ते मूळ एक विशिष्ट गंधद्रव्य मातीत सोडते आणि त्या वासाने सूत्रकृमी तेथे जमा होतात, असे २००५ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पीक जणू मातीतून हाक मारते आणि मदत येते! हे द्रव्य आपल्या लवंगेत आणि काळ्या मिरीतही असते. मात्र त्याच संशोधकांना असेही दिसले की, अमेरिकेतल्या बहुतेक वाणांची मुळे हे द्रव्य सोडतच नाहीत. केवळ उत्पन्नाकडे पाहून वाण निवडता निवडता हा गुण कोठे हरवला, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने मी या कृमीचे पाकीट आणले. उन्हाळा होता. पाकीट गोठ्याच्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवले. महिन्याने पाऊस ओढ देत असता, सुट्टीचा दिवस साधून भर दुपारी ते पाण्यात कालवले आणि कोरड्या मातीवर फवारले. परिणाम शून्य! शेजारचे चाचा म्हणाले, "सर, तुमचे किडे हुमणीला घाबरून पळाले वाटते!" अब्बा काही बोलले नाहीत, हे मला अधिक लागले.

पुढे कृषी विज्ञान केंद्रातल्या एका तज्ज्ञांना मी चूक विचारली. त्यांनी एकच प्रश्न केला, "गुरुजी, पाकिटात औषध होते की जीव?" मग माझ्या लक्षात आले. पत्र्याखालच्या उष्णतेने निम्मे पाकिटातच मेले असणार. उरलेले दुपारच्या उन्हाने मारले, कारण सूर्यकिरण त्यांना काही मिनिटेही सोसत नाहीत. त्यातूनही जे वाचले त्यांना सरकायला मातीत ओल नव्हती. हुमणी मेली नाही. पण मी लाखो मदतनीस मारले. औषध समजून वापरले म्हणून हे झाले.

दुसऱ्या वर्षी सारे रीतसर केले. त्या रीती आपणही लक्षात ठेवाव्यात.

पहिली रीत, शत्रूची वेळ ओळखणे. आपल्या भागात हुमणी मुख्यतः दोन प्रकारची. माळावरची ती होलोट्रिकिया सेराटा आणि नदीकाठची ती ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. एक मादी मारली तर पुढची पन्नासेक अंडी वाचली. हे काम एकट्याचे नाही. भुंगेऱ्याला बांध ठाऊक नसतो. माझ्या बांधावरच्या निंबावर बसलेला भुंगेरा उद्या तुमच्या उसात अंडी घालतो. म्हणून सारी वस्ती एका संध्याकाळी बाहेर पडली पाहिजे.

दुसरी रीत, कृमी सोडण्याची वेळ. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यांतून निघालेली हुमणी लहान असते. तेव्हा तिच्यावर इलाज लवकर चालतो. श्रावण-भाद्रपदात ती मोठी झाली की कठीण. जमीन ओली हवी. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर किंवा झिमझिम पावसात कृमी सोडावेत. द्रावण मुळांपाशी पडले पाहिजे आणि नंतरही काही दिवस ओल टिकली पाहिजे. प्रमाणाचे म्हणाल तर जगभर हेक्टरी सुमारे २५० कोटी पिल्ले हा अंदाज मानतात. आकडा ऐकून घाबरू नका, चौरस सेंटीमीटरला पंचवीसच पडतात. पाकिटावरचे प्रमाण आणि मुदतीची तारीख वाचल्यावाचून पाकीट घेऊ नये, आणि घेतल्यावर थंड सावलीत ठेवून लवकर वापरावे.

तिसरी रीत, खोटी आशा न धरणे. हा उपाय रामबाण नाही. कोरड्या, चिकण, कडक जमिनीत तो फिका पडतो. एका वेळी सारी हुमणी नाहीशी होत नाही. न कुजलेले शेणखत शेतात टाकले तर हुमणीला आपणच जेवण वाढतो. उन्हाळी खोल नांगरट, चांगले कुजलेले खत, भुंगेऱ्यांची वेचणी आणि त्यांच्या जोडीला हे कृमी, अशी सगळ्यांची मिळून ती लढाई आहे.

आणि माणसाला याचा धोका? या कृमींचे बळ किड्यांच्या थंड शरीरापुरते असते. माणूस, गुरेढोरे, कोंबड्या यांच्या उबदार शरीरात त्यांचा निभाव लागत नाही. मातीतल्या गांडुळांना ते उपद्रव देत नाहीत.

त्या वर्षी आषाढात कृमी सोडल्यावर दहा-बारा दिवसांनी मी आणि अब्बा खुरपे घेऊन वाफ्यात बसलो. काही अळ्या जिवंत निघाल्या. पण काही विटेसारख्या तांबूस झालेल्या, मऊ पडलेल्या सापडल्या. त्यांना कुजल्याची घाण येत नव्हती. आतला जिवाणू इतर जंतूंना तेथे वाढू देत नाही, म्हणून प्रेत सडत नाही. अब्बांनी एक अळी तळहातावर घेतली. याच हातांनी त्यांनी कधीकाळी फोरेट टाकले होते. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "बेटा, हे आधी ठाऊक असते तर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्यासाठी. गेल्या वर्षी आपल्या आठवीच्या मुलांनी विज्ञानाच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग केला. मधपेट्या पाळणाऱ्या एका गृहस्थांकडून जुन्या पोळ्यातल्या मेणपतंगाच्या अळ्या आणल्या. मुलांनी आपापल्या शेतातली, बांधावरची, झाडाखालची ओलसर माती डब्यांत आणली आणि प्रत्येक डब्यात पाच अळ्या टाकून झाकण लावले. ज्या मातीत कृमी असतील त्या मातीतल्या अळ्या आठवड्याच्या आत मरतात. बहुतेक डब्यांत काही झाले नाही. दोन डब्यांत अळ्या तांबूस होऊन मेल्या. ही माती ज्या बांधांवरची होती, तेथे वर्षानुवर्षे कोणी विष टाकले नव्हते. दोन डब्यांवरून सिद्धांत बांधू नये, हे मी मुलांना सांगितलेच. पण आपल्याच गावच्या मातीत हा मदतनीस कोणी न बोलावता राहतो आहे, हे तर दिसले.

हेटेरोऱ्हॅब्डायटिसच्या पोटातल्या जिवाणूत आणखी एक गंमत आहे. तो अंधारात अगदी मंद प्रकाश देतो. १८६२ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात शायलोच्या लढाईनंतर काही जखमी सैनिकांच्या जखमा रात्री चमकत होत्या, अशी एक दंतकथा आहे. ती चमक या जिवाणूची असू शकेल, असा तर्क २००१ साली अमेरिकेतल्या दोन शाळकरी मुलांनी प्रयोगांच्या आधारे मांडला आणि विज्ञान स्पर्धेत बक्षीस मिळवले. तो तर्कच आहे. पण तो तुमच्याच वयाच्या मुलांनी केला.

आम्हीही ती मेलेली अळी बशीत घेऊन शाळेच्या सामानाच्या खोलीत गेलो. दार-खिडक्या लावल्या, फटींना पोती लावली आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे गप्प बसलो. मुले कुजबुजू लागली की, सर, काहीच दिसत नाही. तेवढ्यात एक मुलगी ओरडली, "मामू, दिसतंय!"

ती माझी भाची. वर्गात ती मला नेमाने 'सर' म्हणते; त्या दिवशी विसरली. ज्या बहिणीचे अकरावीचे नाव राहून गेले, तिची ही मुलगी. घरी गेल्यावर तिने आईला सारे समजावून सांगितले. बहिणीने दुसऱ्या दिवशी मला विचारले, "भाई, हे पुढे शिकायचे तर कोणती शाखा घ्यावी लागते?" मी म्हणालो, विज्ञान शाखा, आणि मग कृषी महाविद्यालय. ती म्हणाली, "मग तिचे नाव घालायला मी स्वतः येईन."

पालक बंधुभगिनींनो, तुमच्याजवळ माझे मागणे थोडे आहे. घरात औषधाची बाटली किंवा पाकीट आले की त्यावरचा मजकूर आपल्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. मी नववीत असताना तो वाचला असता तर पाच दिवसांचा दवाखाना टळला असता. यंदा पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी मुलांबरोबर भुंगेरे वेचायला या. आणि पीक बुडाले, तर कोणता खर्च कमी करायचा याचा विचार करताना मुलीच्या शाळेचे नाव शेवटी घ्या; जमल्यास घेऊच नका.